येळवसला लेकीसाठी ताकाबिगर आंबील कशी करू?

लातूरची आई
नमस्कार सगळ्यांना. माझी लेक पुण्यात शिकायलीय, आठ महिने झाले तिनं दूध दही तूप सगळं सोडलंय. मांस-अंडी तर आमच्या घरात कधी नव्हतीच. आता येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला आणि पंगतीला, चार दिवस यायलीय आणि मला हाच घोर लागलाय की हिला घालू काय. भज्जी खाईल, उंडे खाईल, पण आंबिलीत ताक, धपाट्यात दही, खिरीवर दूध, शेंगपोळीवर तूप. सासूबाई म्हणायल्यात लेकरू वाळून जाईल. परवा फोनवर म्हणाली पायाला मुंग्या येतात, तेव्हापासनं जास्तच काळजी वाटायलीय. मला तिच्याशी भांडायचं नाही, शेतात सगळ्यांसोबत पंगतीला बसून तिनं पोटभर जेवावं एवढंच वाटतं. प्रोटीन कशातनं मिळंल, हाडांचं काय, आणि चहाचं काय करू? चहाबिगर ती उठतच नाही.

गोदाकाठ
ताई आधी मुंग्यांचं बघा, आंबील नंतर. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की अशा मुंग्या येऊ शकतात, त्याची रक्त तपासणी करून घ्या, येळवसची वाट बघू नका, पुण्यातच करायला सांगा. बी-१२ जिवाणू तयार करतात, भाजीपाल्यात डाळीत ते भरवशाचं मिळतच नाही, स्पिरुलिनावर (शेवाळाची पावडर) पण विसंबू नका. शाकाहारी माणसाला ते दुधादह्यातनंच मिळतं आणि तिनं तेच बंद केलंय. आठ महिन्यात सगळा साठा संपत नसतो, पण जन्मापासनं शाकाहारी असल्यानं आधीच कमी असंल. किती गोळी, का इंजेक्शन, ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील, पण दूध सोडलं की बी-१२ कायम बाहेरनं घ्यावंच लागतं, यात तडजोड नाही. मी स्वतः दोन वर्षं टाळलं आणि हातापायाची जळजळ भोगली म्हणून एवढं कळकळीनं लिहायलोय.

बाकी प्रोटीनचं म्हणाल तर लातूरच्या माणसानं तुरीची काळजी करावी का? १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते डाळीत भरपूर, म्हणून भाकरी-वरण, भाकरी-पिठलं ही जोडी झकास जमते. कॅल्शियमला तीळ, न सोललेले घ्या, आणि राजगिऱ्याची भाजी. जवसाची चटणी रोज, पण जवस भाजून बारीक कुटा, अख्खे तसेच बाहेर पडतात. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळा. ज्वारी घ्यायचीच असंल तर परभणी शक्ती बघा, २०१८ ला आलेला वाण, लोह आणि जस्त जास्त असलेला.

बीडची सून
आंबिलीला ताक लागतंच असं कोण म्हणलं? माझी आजी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून दोन रात्री झाकून ठेवायची, थंडीत उशीर लागतो, आंबूस वास आला की लसूण जिरं मीठ घालून शिजवायची, वरनं कोथिंबीर. ताकाची आठवण पण येत नाही. धपाट्याला दह्याऐवजी चिंचेचं पाणी किंवा किसलेली काकडी, मऊ होतात.

दहीच पाहिजे असंल तर शेंगदाण्याचं करा. वाटीभर दाणे रात्री भिजवा, सालं काढा, तीन वाट्या पाणी घालून बारीक वाटा, गाळून उकळा, कोमट झालं की हिरव्या मिरच्या देठासकट पाच-सहा बुडवून पिठाच्या डब्यात ठेवून द्या. पहिल्यांदा जरा पातळ लागतं, तेच विरजण दुसऱ्यांदा वापरलं की घट्ट.

चहासाठी सोयाबीनचं दूध. भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात वाटा नाहीतर कच्चट वास जात नाही, मग गाळून वीस मिनिटं चांगलं उकळा, अर्धकच्चं पोटाला बाधतं. आणि चहात टाकून उकळू नका, फाटतं. कोरा चहा गाळून घ्या, मग गरम दूध वरनं.

माळावरचा
माझ्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, पाऊस दगा देतो तेव्हा दुभत्यावरच घर चालतं, त्यामुळं दूध सोडा म्हणलं की मला वाईट वाटतं, खरं सांगतो. पण पोरीला जबरदस्ती करू नका. शेंगपोळीला घाण्याचं करडईचं तेल लावा, आमच्यात जुनी माणसं भाकरीवर तेच घ्यायची. आणि पांडवांची पूजा झाल्यावर तिचं ताट वेगळं काढू नका, सगळ्यांची आंबील एकच करा ना पाण्याची.

लातूरची आई
हे सुचलंच नव्हतं, सगळ्यांची एकच करायची. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणल्या त्यांच्या माहेरी पण पाण्याचीच असायची, मी उगीच घाबरायले होते. लेकीला फोन केला, उद्या सकाळी रक्त द्यायला जायलीय. करडईचं तेल सांगून ठेवलंय. दाणे भिजत घातलेत, पण मिरच्या वाळल्यात, देठ ताजेच लागतात का?

बीडची सून
ताजेच घ्या ताई, वाळल्याचं लागत नाही.