पाणी मुरणाऱ्या काँक्रीटची खडी निघतेय, काचतंतू घालू का?

प्रश्न (लातूर): अंगणात 100 एमएम जाडीचं सच्छिद्र काँक्रीट टाकायचंय. आधीच्या तुकड्याची वरची खडी सुटतेय. काचतंतू किती घालू?

उत्तर १: 12 एमएमचे, अल्कलीला (सिमेंटमधल्या क्षाराला) टिकणारे, काचेत झिरकोनिया (झिरकोनियमचा ऑक्साइड) मिसळलेलेच घ्या. फायबर बोटीचे साधे काचतंतू सिमेंटच्या अल्कलीत कुजतात. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 100 ग्रॅम तंतू पुरे, 10 एमएम खडी 200 किलो, पाणी 15-16 लिटर. वाळू नको, कच (दगडाची भुकटी) तर नकोच. खडी आधी भिजवून निथळवा. तंतू शेवटी, फिरत्या मिक्सरमध्ये भुरभुरत टाका. मूठभर एकदम टाकले की गोळे होतात आणि छिद्रं बुजतात.

उत्तर २: पण तंतूंनी दाबशक्ती फारशी वाढत नाही, तडे आवरतात. खडी बहुतेक काँक्रीट लवकर वाळल्यानं सुटते. मिश्रणाचा मुठीत लाडू वळला पाहिजे, हाताला लगदा ओघळता कामा नये. मराठवाड्याच्या उन्हात पहाटेच टाका, रोलर फिरवला की 20 मिनिटांत प्लास्टिक अंथरा, 7 दिवस काढू नका.

उत्तर ३: खाली काळी माती आहे का? ती पाणी पिऊन फुगते, तंतू काय करणार! माती काढा, 40 एमएम आकाराच्या खडीचा थर द्या, बाजूला छिद्रांचा पाइप. या थरावर मुरूम नको, त्याचा गाळ छिद्रांत चढतो.