मदत हवी आहे: स्वमग्न मुलगा मोठा झाला, जुने उपाय चालेनासे झाले

ऋतुजा_कल्याण:
माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. अंघोळीचे नाव काढले की तो आम्हाला ढकलून देतो आणि स्वतःच्या गालावर मारून घेतो. लहानपणी त्याला उचलून बाजूला नेता येत असे, आता धरताही येत नाही. शाळेनेही ‘काही दिवस घरीच ठेवा’ असे कळवले आहे. औषध सुरू करावे की नाही, एवढेच सांगा.

सदानंद_नाशिक:
ताई, मुलाचे वय किती, तो बोलतो का आणि हे कधीपासून सुरू झाले, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर औषधाबद्दल कोणीही मत देऊ नये.

ऋतुजा_कल्याण:
वय १६. दोन-चार शब्द बोलतो, बाकी चित्रकार्डे दाखवतो. दिवाळीनंतर सुरू झाले. स्पीच थेरपी (वाचा उपचार) आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे शिकवणारा उपचार) पूर्वी झालेले आहे, कृपया पुन्हा तेच सुचवू नका.

मधुमालती:
गहू आणि दूध पूर्ण बंद करा. माझा मुलगा त्यानंतर शांत झाला आणि रात्री झोपू लागला.

सदानंद_नाशिक:
या आहाराने स्वमग्नतेची लक्षणे कमी होतात, याला भक्कम पुरावा नाही. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाची दूध-पोळी तज्ज्ञाला न विचारता तोडली, तर पोषणाचे हाल होतात.

मधुमालती:
मी डोळ्यांनी पाहिलेले तुम्ही खोटे ठरवू शकत नाही.

लेकीची_आई:
आहाराचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्यावा ही विनंती. ऋतुजाताई, त्याला अंघोळ कोण घालते? माझी मुलगी आता १९ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी ती शेजाऱ्यांना मिठी मारायची तेव्हा सगळे कौतुक करत. वयात आल्यावर तीच माणसे अंग चोरू लागली, आणि ‘आता नमस्कार करायचा’ हे शिकवायला आम्हाला फार काळ लागला. शरीर मोठे होते, सवयी मात्र लहानपणीच्याच राहतात, म्हणून बंद दार, स्वतः कपडे घालणे, पाळीची तयारी हे सारे वयात येण्याआधीच शिकवायला हवे. मुलाला आईने अंघोळ घालणेही या वयात थांबायला हवे.

विलास_पुणे:
मुलगा १८ वर्षांचा झाला की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, याची तयारी आतापासून करावी. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य कवच आहे. अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचे सरकारी ओळखपत्र) काढले आहे ना?

ऋतुजा_कल्याण:
विलासराव, कार्ड आहे, पण मी पालकत्वाचे विचारलेले नाही. अंघोळ त्याचे बाबाच घालतात. तोंडावर पाणी आले की तो जास्त चिडतो.

सदानंद_नाशिक:
गालावर मारतो तो दर वेळी एकाच बाजूला का? आणि खाण्यात काही फरक पडला आहे का?

ऋतुजा_कल्याण:
हो, उजव्याच, जबड्याच्या मागच्या बाजूला. पोळी डावीकडे सारून चावतो, चकली तर हातातही घेत नाही.

सदानंद_नाशिक:
मग औषधाआधी दंतवैद्य गाठा. या सुमारास अक्कलदाढ येऊ लागते, कीडही असू शकते, आणि दुखणे सांगता न येणारे मूल ते वागण्यातूनच सांगते. कान आणि बद्धकोष्ठताही तपासून घ्या. मध्येच शून्यात बघत राहतो का किंवा झटका येतो का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण स्वमग्न मुलांमध्ये किशोरवयात अपस्मार (फिट येण्याचा आजार) नव्याने सुरू होऊ शकतो. चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन हे औषध देतात हे खरे, परंतु त्याने भूक आणि वजन वाढते. दुखणे नाही याची खात्री झाल्यावरच मनोविकारतज्ज्ञांशी त्याबद्दल बोलावे.

ऋतुजा_कल्याण:
शुक्रवारची वेळ मिळाली आहे. पण तो खुर्चीत बसणार कसा? एक्स-रेसाठी तोंडात काही घालू देणार नाही.

लेकीची_आई:
दवाखान्यात आधीच फोन करून सांगा आणि पहिली किंवा शेवटची वेळ मागून घ्या, म्हणजे थांबावे लागणार नाही. खुर्ची, दिवा, डॉक्टरांचा मास्क यांचे फोटो मागवून त्याच्या कार्डांत क्रमाने लावा आणि शेवटी त्याच्या आवडीच्या वस्तूचे कार्ड ठेवा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे बाहेरून निघतो. त्यात तोंडात फिल्म ठेवत नाहीत, फक्त एक छोटी दांडी चावून काही सेकंद स्थिर उभे राहावे लागते. ते यंत्र तिथे आहे का, हे फोनवरच विचारा. पहिल्या दिवशी तो नुसता खुर्चीत बसून परत आला, तरी पुढची वेळ घेऊनच निघा.