लक्षण, तक्रार की खूण? (ॲमिलॉइडोसिसच्या निमित्ताने)

अनुवादिका : ॲमिलॉइडोसिस, म्हणजे बिघडलेलं प्रथिन अवयवांत साठण्याचा आजार, त्यावरची रुग्णपुस्तिका मराठीत करतेय. 'सिम्प्टम' म्हणजे रुग्ण सांगतो ते, 'साइन' म्हणजे डॉक्टरला तपासताना सापडतं ते. पण मी दोन्हीकडे 'लक्षण'च लिहून बसले आहे. चालेल?

ओपीडीवाला : नाही चालणार, या आजारात तर नाहीच. 'हाताला मुंग्या येतात', 'उठलं की अंधारी येते' या तक्रारी. आपण विचारतोही तसंच, काय तक्रार आहे? मग मी झोपवून बीपी घेतो, उभं करून पुन्हा घेतो. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला की ती खूण. 'चिन्ह' म्हटलं की मला मतपत्रिका आठवते.

आता डोळे. पेशंट म्हणतो, 'डोळ्यांखाली काळं झालंय.' जागरणाची काळी वर्तुळं वेगळी. इथे पापण्यांवर जांभळे डाग असतात, नुसतं डोळे चोळल्यानं किंवा जोरात खोकल्यानंही उठतात. कातडीला हलका चिमटा काढला तरी तसंच. 'काळंनिळं पडणं' लिहिलंत तर वाचणारा विचारेल, मारलं कुणी? 'रक्त साकळणं' लिहा.

जुना_वाचक : जिभेच्या कडेला दातांचे 'व्रण' असं कुठेतरी वाचलं होतं.

ओपीडीवाला : चूक. व्रण म्हणजे जखम. जखम भरल्यावर राहतो तो वण. इथे दोन्ही नाही. एएल प्रकारात (यात साठणारं प्रथिन रक्तातल्या प्रतिपिंडांचा तुकडा असतो) काही जणांची जीभ मोठी आणि टणक होते, दातांवर दाबली जाते, म्हणून कडेला ठसे उमटतात. 'जीभ जड होणं'ही नको, त्याचा अर्थ बोबडी वळणं होतो.

अनुवादिका : आजाराचंच नाव 'पिष्टाभ विकार' केलं तर?

जुना_वाचक : म्हणजे फिरखो या जर्मन डॉक्टरची चूक मराठीत आणायची! 1854 मध्ये त्याने आयोडीन आणि गंधकाम्ल टाकून पाहिलं, रंग पिष्टासारखा आला, म्हणून ॲमिलॉइड (लॅटिन 'अमायलम' म्हणजे पिष्ट). पाच वर्षांत फ्रीडराइख आणि केकुले यांनी दाखवलं की हे प्रथिन आहे. पिष्टाला घरात आपण खळ म्हणतो, मग 'खळरोग'च म्हणा की. गंमत म्हणजे आज निदानाला वापरतात तो काँगो रेड हा रंगही मुळात कापड रंगवायचाच. ॲमिलॉइडला चिकटला की ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) तो हिरवा चमकतो. इंग्रजीत त्या छटेला सफरचंदी म्हणतात, मी पोपटी म्हणेन.

अनुवादिका : ठीक, नाव ॲमिलॉइडोसिसच ठेवते. 'तक्रारी' आणि 'तपासणीत दिसणाऱ्या खुणा' असे दोन भाग करते. चार ठिकाणी 'व्रण' होतं, काढलं. 'शोल्डर पॅड साइन'ला काय लिहू?

ओपीडीवाला : सांध्याभोवती ॲमिलॉइड साठून खांदे फुगतात. 'कोटाला पॅड लावल्यासारखे खांदे' लिहा, शिंप्यालाही कळेल.