मदत हवी आहे : मंडळात ओळख करून देताना किती सांगायचं?

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजार भागात एका छोट्या संस्थेत काम करते. डॉक्टर गोळ्या देतात, मी त्यांच्या पेशंटना गट, मंडळं शोधून माणसं जोडून देते. इंग्लंडात एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) याला लिंक वर्कर म्हणतात. आपल्याकडे लोक विचारतात, 'ताई, बागेत फिरा म्हणून सांगायचा पगार मिळतो?'

सत्तरीच्या एक काकू आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नैराश्यावर औषध चालू, झोप सुधारली, पण घराबाहेर पाऊल नाही. कमाटीबागेतला सकाळचा गट सुचवला, गुडघ्यांमुळे जमला नाही. मग भजनी मंडळ. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, काकूंनी टाळ हातात घेतले, चक्क गुणगुणल्यासुद्धा. दुसऱ्या खेपेला कुणीतरी सहज विचारलं, 'आधी कुठे होतात, आजारी होता का?' त्या दिवसापासून चप्पल दारातच.

मुलगा म्हणतो, मंडळाच्या प्रमुखबाईंना सगळं सांगून टाका. काकूंचा साफ नकार. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार गोपनीयता त्यांचा हक्क आहे, तेव्हा तो मार्ग बंद. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, पण त्यांना फोनवर बोलणं नको, माणसं हवीत. गुजराती समजतं, मोकळेपणा मराठीतच. दर आठवड्याला सोबत जाणं मला शक्य नाही, माझ्याकडे आणखीही लोक आहेत.

असं काम केलेल्यांनी सांगा : आजाराचा उल्लेख न करता प्रमुखबाईंशी नेमकं काय बोलता? आणि 'कुठे होतात?' याला काकूंनी खोटं न बोलता काय उत्तर द्यावं?