अधिशोषण, शोषण आणि पावडरीचं पृष्ठफळ

लॅबमध्ये आम्ही दिवसभर 'सॅम्पल डीगॅसला लावलंय' (आधीचा गॅस काढायला ठेवलंय), 'बीईटी काढलं का' (पावडरीचा सरफेस एरिया मोजला का) असंच बोलतो, पण परवा नववीतल्या पुतणीला समजवताना अडलो. ॲडसॉर्प्शनला मराठीत काय म्हणायचं? शोषण म्हटलं की तिला वाटतं पावडर गॅस पिते, टीपकागद शाई पितो तशी. इथे तर नायट्रोजनचे रेणू कणांवर आणि कणांतल्या छिद्रांच्या भिंतींवर नुसते बसतात.

प्रतिसाद: अधिशोषण आहे की. अधि म्हणजे वर, अधिष्ठानातला. शेपटीला शोषण उरतंच हे खरं, पण तो दोष मराठीचा नाही, १८८१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कायझरने छापलेल्या ॲडसॉर्प्शन या मूळ शब्दातही ॲबसॉर्प्शनचा (शोषणाचा) फक्त उपसर्ग बदललाय आणि लॅटिन सोर्बेरे म्हणजे शोषणंच. सरफेस एरियाला मात्र कृपया 'पृष्ठभागाचे क्षेत्रफळ' असं लांबलचक लिहू नका, वृत्तचितीचं पृष्ठफळ आपण सगळ्यांनी शाळेत काढलंय, तोच शब्द इथे चालतो. दर ग्रॅमला किती चौरस मीटर ते विशिष्ट पृष्ठफळ.

प्रतिसाद: आणि मोनोलेयरला, म्हणजे बसलेल्या रेणूंच्या एकेरी थराला, 'एकपदरी थर' म्हणा ना! लँगम्यूरच्या अधिशोषणाच्या सिद्धांतात एकच पदर, पण ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर (बीईटी ही यांचीच आद्याक्षरं) यांनी १९३८ मध्ये पदरावर पदर चढतात हे धरलं, घडीच्या पोळीसारखं. त्यांच्या समीकरणातून पहिल्या पदरात किती रेणू मावतात ते निघतं, आणि उणे १९६ अंशाला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरून गुणाकार करायचा की झालं पृष्ठफळ. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचं हजार चौरस मीटरसुद्धा भरतं, कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, तर अशी सात मैदानं मावून वर जागा उरते, चिमूटभर काळ्या पुडीत! मला हे दरवेळी नवल वाटतं.

धागाकर्ता: पदर फारच आवडला, कबड्डीही. डीसॉर्प्शनला विशोषण वाचलंय पण ते ऐकून काहीच डोळ्यापुढे येत नाही, गॅस बसतो आणि गॅस सुटतो हे लगेच कळतं. डीगॅसिंग पण तेच, सॅम्पल व्हॅक्यूममध्ये तापवून आधीच बसलेली वाफ आणि हवा सोडवायची, नाहीतर नायट्रोजनला बसायला जागाच नाही. पुतणीला वहीत अधिशोषणच लिहायला सांगितलंय, खाली कंसात 'वर बसणे'.