जुलैत आई-बाबा येतायत, सॅन फ्रान्सिस्को एका दिवसात कसं दाखवू?

सनीवेलकर
मंडळी, मदत हवीये. आई-बाबा जुलैत येतायत आणि एक अख्खा शनिवार सॅन फ्रान्सिस्कोला पाण्याकाठी घालवायचा बेत आहे. बाबांना गोल्डन गेटचा पूल आणि अल्कट्राझ (बेटावरचा जुना तुरुंग) बघायचंच आहे, त्यावरचे सगळे व्हिडिओ आधीच बघून झालेत. आईला चालायला आवडतं पण चढ आला की गुडघे कुरकुरतात. शिवाय ती पक्की शाकाहारी आणि बाबा पक्के मासेखाऊ, म्हणजे जेवायचं कुठे हा वेगळाच ताप. माझा प्लॅन असा, गाडीने जायचं, पिअर ३९ या धक्क्यावर सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी), मग अल्कट्राझ, आणि शेवटी पुलावर सूर्यास्त. जमेल का?

धुकंबिकं
सूर्यास्त आधी काढून टाक. जुलैत संध्याकाळी तिथे सूर्य कसला दिसतोय, पुलाचा समोरचा खांब दिसला तरी नशीब. आतल्या भागातली सेंट्रल व्हॅली, म्हणजे मोठं सपाट खोरं, तापते, तिकडची गरम हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या (पुलाखालच्या सामुद्रधुनीच्या) फटीतून आत ओढली जाते, त्यात किनाऱ्याचं पाणी गारढोण, मग धुकं होणारच. दुपारनंतर वारा असा सुटतो की आईचा पदर आवरता आवरत नाही (ओढणी असेल तर ओढणी). तुमच्याकडे घामाच्या धारा असतील म्हणून साध्या कपड्यांत निघू नका, स्वेटर आणि वर वारा अडवणारं जॅकेट हवंच. बाबा नको म्हणतील, तरी बॅगेत टाक.

पूल दुपारच्या सुमाराला कर, धुकं विरायचा चान्स तेव्हा जास्त. पायी जायचं ते पूर्वेकडच्या, म्हणजे शहर दिसतं त्या बाजूने. सगळा पूल चालायची गरज नाही, पहिल्या खांबापर्यंत जाऊन परत या.

अल्कट्राझचं तिकीट मात्र आज काढ, आत्ता. उन्हाळ्यात आठवडे आठवडे आधी संपतं. सकाळची पहिली-दुसरी बोट घे, पिअर ३३ वरून सुटते. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत चांगलाच चढ आहे, पण गुडघेदुखीवाल्यांसाठी ट्राम असते, उतरल्या उतरल्या तिथल्या रेंजरला विचार.

लोकलवाली
गाडी कशाला??? पार्किंगचे पैसे जातातच, वर काचा फोडून बॅगा नेतात, आमची एकदा रिकामी डब्याची पिशवीसुद्धा गेली. सनीवेलहून कॅलट्रेन, म्हणजे इथली लोकल, घ्या, २०२४ पासून विजेवर धावतेय, आधीपेक्षा वेगात आणि आवाज जवळजवळ नाहीच. शेवटच्या स्टेशनसमोरूनच एन लाइनची शहरातली ट्राम मिळते, ती एम्बार्कडेरोला, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्याला, आणून सोडते. तिथून पुढे एफ लाइनच्या जुन्या ट्राम, त्यातल्या काही १९२८ च्या मिलानच्या आहेत, लाकडी बाकं वगैरे. बाबा पिअर ३९ विसरतील बघ.

तसंही जुलैत सी लायन फार नसतात, बरेचसे पिल्लांच्या सीझनला दक्षिणेकडे चॅनल आयलंड्सला गेलेले असतात. १९८९ च्या भूकंपानंतर ते पिअर ३९ वर मोठ्या संख्येने येऊन बसायला लागले, आणि त्याच भूकंपामुळे एम्बार्कडेरोवरचा डबलडेकर हायवेही पडीक झाला आणि १९९१ मध्ये पाडला. आज तिथे मोकळं पाणी दिसतं ते त्यामुळे. मला विचारशील तर तो रस्ता चालणं हीच खरी मजा, पूर्ण सपाट, जागोजागी बसायला बाक, आईला अगदी झेपेल.

खादाडखाऊ
जेवणाचं मी सांगतो. शनिवारी सकाळी एम्बार्कडेरोवरच्या फेरी बिल्डिंगच्या (बोटींच्या जुन्या टर्मिनलच्या) मागे शेतकऱ्यांचा बाजार भरतो, अल्कट्राझच्या आधी तिथेच पोटभर खाऊन घ्या, आईला पीच आणि जर्दाळूच्या ढिगासमोरून हलवणं अवघड जाईल. दुपारी पाण्याकाठच्या फोर्ट मेसनमधलं ग्रीन्स हे रेस्टॉरंट. १९७९ पासून चालू आहे, झेन सेंटरवाल्या बौद्ध मंडळींनी काढलेलं, सगळं शाकाहारी आणि खिडकीतून थेट पूल. टेबल आधी बुक करा.

बाबांसाठी खेकडा म्हणत असाल तर जुलैत नको. इथला डन्जनेस क्रॅबचा सीझन नोव्हेंबर ते जून, आणि हल्ली खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोरांत देवमासे अडकतात म्हणून तो उशिरा उघडून लवकर बंदही होतो. त्यापेक्षा चॉपीनो खायला घाला, इथल्या इटालियन कोळ्यांचा टोमॅटोवाला माशांचा रस्सा. पावाच्या वाटीतलं चाउडर आईला चुकूनही देऊ नका, पांढरं सूप दिसतं पण आत शिंपल्या असतात.

सनीवेलकर
बापरे, खूप आभार. तिकिटं काढली, सकाळची दुसरी बोट मिळाली. पण ग्रीन्समध्ये बाबा काय खाणार? आणि खाडीपलीकडच्या सॉसालिटो गावाला फेरीने (बोटीने) जाऊन यावं का, की जास्त होईल?

खादाडखाऊ
बाबा एक दिवस भाज्या खातील, काही होत नाही. चॉपीनो रात्री नॉर्थ बीचला, म्हणजे इटालियन वस्तीत.

धुकंबिकं
सॉसालिटो त्याच दिवशी नको, अल्कट्राझला बोटीत बसणं होतंच की. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण असेल तर फेरी बिल्डिंगहून अर्ध्या तासाची फेरी आहे, जाताना डेकवर बसा आणि येताना आत, कारण तोवर वारा सुटलेला असतो.

लोकलवाली
आणि परतीच्या कॅलट्रेनआधी जायंट्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, मॅच आहे का ते बघून ठेव. स्टेडियम स्टेशनला लागूनच आहे, मॅच सुटली की उभं राहायलाही जागा नसते.