पावतीवरची ती ओळ

मिक्सर आठवड्याभरात बंद पडूनही, पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, हे दुकानदाराचे म्हणणे आपण मान्य करू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष वस्तू पावतीवरील मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन रक्कम देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही म्हणून परतावा मागण्याचा हक्क मात्र यातून मिळत नाही. ही गल्लत फार होते.

माझ्या इस्त्रीच्या वेळी दुकानदाराने क्रेडिट नोट, म्हणजे रोख पैशांऐवजी त्याच दुकानात पुढच्या खरेदीला वापरायची चिठ्ठी, पुढे केली होती. ती न घेता मी पावतीची छायाप्रत जोडून स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस पाठवली, आणि तोवर गल्ल्यावरून मान वर न करणाऱ्या त्या गृहस्थांचा बाराव्या दिवशी स्वतःहून फोन आला. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो.